जर्मनीला नर्स म्हणून निघालीस : तिथलं रोजचं जगणं आणि तिथलं राजकारण

प्रश्न थोडक्यात असा आलाय. खानापूर तालुक्यातली मुलगी, बेळगावात बीएस्सी नर्सिंग केलंय, जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झालीय, जर्मनीत नॉर्थ राईन-वेस्टफालिया राज्यातल्या एका हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट आणि व्हिसा हातात आहे, पुढच्या महिन्यात निघणार. तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रोजचं कसं निभवायचं, आणि तिथं बाहेरच्या लोकांविरुद्धचा पक्ष वाढलाय म्हणतात तर घाबरायचं का, राजकारणात लक्ष घालायचं की गप आपलं काम करायचं. मी टिळकवाडीतला, नर्सिंग करून तिकडं गेलो, बरीच वर्षं राईन नदीकाठच्या एका शहरात वॉर्डात काम केलं, आता इथं बेळगावात जाणाऱ्या पोरापोरींची तयारी करून घेतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

ताई, पहिली गोष्ट. आपण सीमाभागातली माणसं, घरात एक भाषा आणि नाडकचेरीत, म्हणजे सरकारी कचेरीत, दुसरी हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे, त्यामुळं ऑफिसची भाषा वेगळी असणं याची भीती तुला पुण्या-मुंबईच्या पोरींपेक्षा कमी वाटणार हे मी खात्रीनं सांगतो. पण याच्याबरोबर आपल्याला एक सवय पण लागलेली असते. फॉर्म कन्नडमध्ये आला की ओळखीचा कोणीतरी धरायचा, तो भरून देतो, आपण सही करायची आणि विसरायचं. ही सवय सांबऱ्याच्या विमानतळावरच सोडून जा. जर्मनीत सगळं तुझ्या एकटीच्या नावावर, तुझ्या सहीनं आणि पोस्टानं चालतंय. कोण मधला माणूस नाही, वशिला नाही, आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हटलेलं कोण ऐकून घेत नाही. बाकी सगळं मी खाली जे सांगणार आहे ते याच एका गोष्टीत बसतंय.

उतरल्यावर १४ दिवसांच्या आत राहायच्या पत्त्याची नोंद करायची, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, शहराच्या बिर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, होते. घरमालकाची किंवा हॉस्टेल देणाऱ्या हॉस्पिटलची सही असलेला कागद लागतो की ही बाई इथं राहायला आली. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरात लवकर मिळत नाही, म्हणून इथून निघायच्या आधीच बघून ठेव. ही नोंद झाली की ११ आकडी टॅक्स नंबर पोस्टानं येतो, बँकेत खातं उघडताना हा नोंदीचा कागद मागतात, रेसिडेन्स परमिटलाही हाच लागतो. त्या फॉर्ममध्ये धर्म विचारतात आणि इथं जरा नीट ऐक, कारण आपल्या खानापूर-बेळगावकडं कॅथलिक कुटुंबं पुष्कळ आहेत. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट म्हणून नोंद झाली तर इन्कम टॅक्सच्या ९ टक्के चर्च टॅक्स पगारातून आपोआप कापला जातो, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यांत ८ टक्के. खरं तेच लिहायचं, पण काय लिहितोय आणि त्याचं काय होणार हे माहीत असून लिहायचं. हिंदू, मुस्लिम, लिंगायत, जैन यांना हा टॅक्स नाही.

आणि घरात गेल्या गेल्या पहिल्याच दिवशी दाराच्या बेलवर आणि पोस्टाच्या डब्यावर तुझं आडनाव चिकटव. तिथं पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, फ्लॅट नंबर असलाच तर असतो. नाव नसलं की पत्र परत. आणि ते पत्र बँकेचं पिन असेल, हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड असेल, परदेशी लोकांच्या ऑफिसची तारीख असेल. माझ्याकडं येणाऱ्या पोरांच्या अर्ध्या अडचणी नावाची ही एक चिठ्ठी न लावल्यामुळं झालेल्या असतात.

पत्रांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तिथलं सरकार आणि नागरिक यांच्यातलं नातं तू या पत्रांतच बघणार आहेस. तुझ्याबद्दल सरकारी ऑफिसनं काही ठरवलं की त्याचा लेखी आदेश येतो, त्याला बेशाइड म्हणतात. त्याच्या शेवटी, बहुतेक बारीक अक्षरात, लिहिलेलं असतंय की हे मान्य नसेल तर हरकत कुठं घ्यायची आणि किती दिवसांत, साधारण १ महिना असतो. हा शेवटचा परिच्छेद सगळ्यात आधी वाचायचा. हरकत घेतली म्हणून कोण डूख धरत नाही, ऑफिसर पण ती रोजच्या कामासारखी घेतात. आपल्याकडं साहेबाविरुद्ध अर्ज म्हणजे भांडण, तिथं तो नुसता पुढचा कागद. प्रत्येक पत्रावर आलेली तारीख लिही आणि फाईलला लाव. अजिबात न समजलेलं पत्र घेऊन कारितास किंवा डियाकोनी या चर्चच्या सेवासंस्थांच्या सल्लाकेंद्रात जायचं, नव्यानं आलेल्यांना ते फुकट समजावून सांगतात, धर्म विचारत नाहीत.

एक पत्र सगळ्यांना येतंच, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो, एका घराला एक. दोघीतिघी एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकीनं भरायची आणि बाकीच्यांनी तिचा नंबर कळवायचा. पुष्कळ जण फसवणूक समजून हे पत्र टाकून देतात आणि मग दंडासकट वसुली येते. ती फसवणूक नाही, भर.

घराबद्दल : भाडं दोन प्रकारचं सांगतात, नुसतं भाडं आणि हीटिंग-पाणी धरून भाडं, जाहिरातीत कुठलं लिहिलंय ते बघ. डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या नुसत्या भाड्याएवढं, कायद्यानं त्याच्यावर मागता येत नाही. घर बघायच्या आधी कुणी पैसे मागितले, ‘मी परदेशात आहे, चावी कुरियरनं पाठवतो’ म्हटलं, तर तो चोर आहे, दुसरं काय नाही. रात्री १० ते सकाळी ६ शांतता ठेवायची, रविवारी पूर्ण दिवस. ड्रिल मारणं, मिक्सर जोरात लावणं, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं पण नको. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भाजी-दूध आणून ठेवायचं. कचरा वेगवेगळ्या डब्यात, डब्यांचे रंग आणि नियम गावागणिक बदलतात, शहराच्या वेबसाइटवर चार्ट असतो तो फ्रिजवर लाव. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतंय, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतात. बस-लोकल ट्रेनसाठी डॉइचलांड-टिकीट घे, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, पूर्ण देशातल्या लोकल गाड्यांना चालतं, पण फास्ट आयसीई गाडीला चालत नाही.

आता वॉर्ड. हे कुठल्या एजन्सीवाल्यानं तुला नीट सांगितलं नसणार. आपल्याकडं पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक किंवा आया करतात, नर्स इंजेक्शन-सलाईन-औषध बघते. जर्मनीत उलटं आहे. अंग पुसणं, दात घासून देणं, डायपर, जेवण, चालवून आणणं हे सगळं नर्सचं मुख्य काम समजतात, आणि शिरेतून इंजेक्शन, रक्त काढणं अशी कामं पुष्कळ ठिकाणी डॉक्टरकडं असतात. आपल्या चांगल्या शिकलेल्या पोरींना पहिल्या महिन्यात वाटतं की आपल्याला खालच्या पायरीवर टाकलं, डिग्री वाया गेली, घरी फोन करून रडतात. तसं नाहीये गं. म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालताना त्याची कातडी कशी आहे, पाय सुजलाय का, आज तो कालच्यापेक्षा गोंधळलेला आहे का, हे बघणं आणि लिहून ठेवणं तिथं मोठं कौशल्य धरतात आणि मला स्वतःला ते पटलं. हे काम मनापासून करणाऱ्या बाईला वॉर्डात मान मिळतो, भाषा जरा अडखळली तरी.

शिवाय पहिले काही महिने तू तिथली पूर्ण नर्स नसतेस. भारतातल्या डिग्रीत काय कमी पडतंय याचा एक बेशाइड येतो, मग अ‍ॅडॅप्टेशन कोर्स किंवा परीक्षा, ते झालं की पूर्ण मान्यता. तोपर्यंत पगार मदतनीसाचा असतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन्ही पगार लिहिलेत का, आणि ‘इतकी वर्षं नोकरी सोडली तर इतके हजार युरो परत दे’ असलं कलम आहे का ते आज बसून वाच. हे कलम असलं तर विमानात बसायच्या आधी लेखी विचार की ती रक्कम कशाची. हातात येणारा पगार एकट्या माणसाला साधारण दोन-तृतीयांश धर, बाकी टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा यात जातो. ते पैसे बुडाले असं मनात धरून बसू नको. आजारी पडलीस तर ६ आठवडे पूर्ण पगार मालक देतो, फक्त नोकरीला लागून ४ आठवडे झालेले पाहिजेत, आणि त्याच्यापुढं विमा कंपनी. ताप असताना ड्युटीवर जाणं तिथं निष्ठा समजत नाहीत, सकाळी ड्युटीच्या आधी फोन कर, डॉक्टरकडून सर्टिफिकेट घे. अ‍ॅम्ब्युलन्सला ११२, पोलिसांना ११०, आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी साध्या आजाराला ११६११७, हे तीन नंबर आजच सेव्ह कर.

आता तुझा दुसरा प्रश्न. घाबरायचं का?

जे आहे ते असं आहे. २३ फेब्रुवारी २०२५ ला तिथं लोकसभेची, म्हणजे बुंडेसटागची निवडणूक झाली. सीडीयू-सीएसयू या पक्षांच्या जोडीला सुमारे साडेअठ्ठावीस टक्के मतं पडली, एएफडी हा बाहेरच्यांच्या येण्याविरुद्ध बोलणारा पक्ष २०.८ टक्क्यांवर दुसरा आला, एसपीडी हा तिसरा पक्ष १६.४ वर. सीडीयू-सीएसयू आणि एसपीडीनं मिळून सरकार केलं आणि ६ मे ला फ्रीडरिश मेर्त्स चान्सलर, म्हणजे तिथले पंतप्रधान, झाले, तेही संसदेत पहिल्या मतदानात मतं कमी पडून दुसऱ्या फेरीत. म्हणजे एएफडी दुसऱ्या नंबरवर असून सत्तेत नाही, कारण बाकीचे पक्ष त्यांच्याबरोबर सरकार करत नाहीत. पण पूर्वेकडच्या पाचही राज्यांत त्या निवडणुकीत तोच पक्ष पहिला होता, हे लपवून उपयोग नाही. तू पश्चिमेकडं चाललीस, तिथं प्रमाण कमी आहे. त्याच वेळी दुसरी बाजू पण बघ. २०२४ च्या ऑक्टोबरात जर्मन सरकारनं भारतातल्या कुशल लोकांसाठी व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेतो म्हणून जाहीर केलं. दवाखान्यांना माणसं मिळत नाहीत, म्हातारे वाढलेत. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी वंशाच्या लोकांना देशाबाहेर पाठवायच्या एका गुप्त बैठकीची बातमी बाहेर आली तेव्हा गावोगावी लाखो जर्मन लोक थंडीत त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. एकाच देशात या दोन्ही गोष्टी आहेत.

रोजच्या जगण्यात वंशभेद दिसणार. भाड्यानं घर शोधताना नाव वाचून उत्तर न येणं, एखाद्या पेशंटनं ‘जर्मन नर्स पाठवा’ म्हणणं, ट्राममध्ये कुणी काय बोलणं. सोसून गप बसू नको. तारीख, वेळ, शब्द, कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेव, वॉर्डच्या प्रमुखाला सांग. भेदभावाविरुद्ध २००६ चा कायदा आहे, नोकरीत भेदभाव झाला तर साधारण २ महिन्यांच्या आत लेखी दावा करावा लागतो, म्हणून वाट बघत बसायचं नाही. केंद्र सरकारचं भेदभावविरोधी ऑफिस फुकट सल्ला देतं.

मतदानाचं म्हणशील तर बुंडेसटागला तुला मत नाही, महापालिकेला पण नाही. युरोपियन युनियनच्या लोकांना महापालिकेला आहे, आपल्याला नाही. दोन राज्यांनी परदेशी लोकांना गावच्या निवडणुकीत मत द्यायचा कायदा केला होता, तो तिथल्या घटनात्मक कोर्टानं ३१ ऑक्टोबर १९९० ला रद्द केला. हे ऐकून पुष्कळ जण म्हणतात मग आपल्याला काय करायचंय. मी एवढंच म्हणतो, की जिथं मत मिळतं ती जागा आपण बघतच नाही. मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये बेट्रीब्सराट असतं, कामगारांनी निवडलेली कमिटी, तिची निवडणूक दर ४ वर्षांनी मार्च ते मे मध्ये होते, २०२६ हे त्यातलंच एक वर्ष. तिथं पासपोर्ट कुणी विचारत नाही. तू मत देऊ शकतेस, ६ महिने झाले की उभी पण राहू शकतेस. सरकारी हॉस्पिटलमध्ये तेच पेर्सोनालराट, आणि चर्चच्या हॉस्पिटलमध्ये, जी तुझ्या राज्यात भरपूर आहेत, एमएव्ही. ड्युटी लिस्ट, ओव्हरटाइम, रात्रपाळ्या, नवीन आलेल्यांना कोण शिकवणार, हे सगळं या कमिटीला विचारल्याशिवाय ठरत नाही. तुझ्या रोजच्या आयुष्यावर बर्लिनच्या संसदेपेक्षा या कमिटीचा परिणाम जास्त होणार. युनियनमध्ये पण जाता येतं, व्हेर्डी ही मोठी आहे, वर्गणी पगाराच्या १ टक्का. युनियनमध्ये गेलं की व्हिसा अडचणीत येतो असलं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नको, व्हिसाला काही होत नाही. नॉर्थ राईन-वेस्टफालियात मोठ्या गावांत इंटेग्रासिओन्सराट, म्हणजे बाहेरून आलेल्यांची समिती, पण निवडतात, महापालिकेच्या निवडणुकीबरोबरच, २०२५ च्या सप्टेंबरात झाली, देशात कायदेशीर १ वर्ष राहिलेल्या परदेशी माणसाला त्यात मत असतं. अधिकार थोडेच आहेत, पण नगरसेवकांसमोर बोलायला मिळतं.

निवडणूक कशी चालते ते बघायला मात्र जा. रविवारी असते, शाळेत बूथ, कागदी मतपत्रिका, पेन्सिलनं फुली. बोटाला शाई नाही. यंत्रं २००५ ला वापरली होती, २००९ मध्ये घटनात्मक कोर्टानं सांगितलं की मत कसं मोजलं हे सामान्य माणसाला तांत्रिक ज्ञान नसताना बघता आलं पाहिजे, तेव्हापासून तशी यंत्रं बंद. संध्याकाळी ६ वाजता दारं उघडी ठेवून मोजणी करतात आणि कुणीही, तू सुद्धा, उभं राहून बघू शकतेस. प्रत्येकाला दोन मतं असतात, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला, दुसरंच मोठं, कारण पक्षाला किती जागा हे त्याच्यावर ठरतं. देशात ५ टक्क्यांच्या खाली राहिलेला पक्ष बहुतेक वेळा बाहेर.

या ५ टक्क्यांना एक अपवाद आहे, आणि सीमाभागातल्या माणसानं तो समजून घ्यावाच असं मला मनापासून वाटतं. उत्तरेला श्लेस्विग म्हणून भाग आहे, डेन्मार्कच्या सीमेवर. कोण कुठल्या देशात यावरून तिथं युद्धं झाली, शेवटी १९२० मध्ये लोकांचं मत घेऊन सीमा पडली. तरी जर्मनीत डॅनिश बोलणारे राहिले आणि डेन्मार्कमध्ये जर्मन बोलणारे. १९५५ मध्ये दोन्ही सरकारांनी जाहीर केलं की आपापल्या अल्पसंख्याकांना शाळा, भाषा, संस्कृतीचा हक्क, आणि तू अल्पसंख्याक आहेस का हे कोणी तपासायचं नाही, माणूस स्वतः सांगेल ते खरं. आज तिकडं डॅनिश शाळा चालतात, आणि एसएसडब्ल्यू नावाच्या त्यांच्या पक्षाला ५ टक्क्यांची अट नाही, त्यांचा एक खासदार बर्लिनमध्ये बसतो. १ नोव्हेंबर, कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, आला की आपल्याकडं काय होतं हे तुला मी सांगायला नको. आपल्या पोरांनी त्या सीमेजवळच्या फ्लेन्सबुर्ग शहराला एकदा जाऊन बघावं, दुकानात माणसं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

काही कायदे आपल्या अंगवळणी नसतात ते लक्षात घे. स्वस्तिक. आपल्या दारावर, कलशावर, नव्या गाडीवर असतंच. तिथं नाझी चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणं गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. आपलं स्वस्तिक वेगळं आहे, कायद्याला पण फरक कळतो, पण शेजारच्या आजीला कळणार नाही आणि तिनं पोलिसांना फोन केला तर त्यात तिची चूक नाही. देव्हाऱ्यात असू दे, बाहेरच्या दारावर, रांगोळीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत नको. फुटपाथवर १० सेंटिमीटरच्या पितळी पट्ट्या बसवलेल्या दिसतील, नाव आणि साल कोरलेलं. नाझी काळात त्या घरातून नेऊन ज्यांचा छळ केला, मारलं, त्यांची ती नावं, थांबून वाच. रस्त्यात कुणाला शिवी देणं, मधलं बोट दाखवणं याला पण दंड होतो. आणि पेशंटचा फोटो, वॉर्डातली रील, कधीच नाही, पाठमोरा पण नाही, त्यानं नोकरी पण जाते.

पुढचं म्हणशील तर पूर्ण मान्यता मिळून कुशल कामगार म्हणून ३ वर्षं काम झालं की कायमच्या परवान्याला अर्ज करता येतो. नागरिकत्व २७ जून २०२४ च्या कायद्यापासून ५ वर्षांनी, ३३ प्रश्नांची परीक्षा, त्यात १७ बरोबर पाहिजेत. जर्मनी आता जुनं नागरिकत्व ठेवू देते, पण भारत देत नाही, पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यावं लागतं. घाईनं ठरवायची गोष्ट नाही, घरच्या जमिनीत हिस्सा असेल तर आधी वकिलाशी बोल.

करमणार नाही पहिली थंडी. मराठी मंडळं मोठ्या शहरांत आहेत, गणपती बसतो, आणि कन्नड संघ पण आहेत. आपण दोन्हीकडं जाऊ शकतो, दोन्हीकडं पोटभर बोलू शकतो, हे फक्त आपल्यालाच जमतं. पण आठवड्यातून एक संध्याकाळ तरी जर्मन माणसांत घाल, गावात गाण्याचा, खेळाचा, बागेचा कसला ना कसला फेराइन, म्हणजे मंडळ, असतोच.

आणि निघायच्या आधी एक काम, हे बेळगावात बसूनच होतंय. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डवर आपल्याकडं नाव इनिशियलनं असतंय, जन्मदाखल्यावर कन्नडात, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे घालून, आणि पुष्कळ जणींच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामीच असते. जर्मन ऑफिसला या चार वेगवेगळ्या बायका वाटतात. सगळे कागद टेबलावर मांड, स्पेलिंग एक एक अक्षर तपास, फरक असेल तर नोटरीकडून अ‍ॅफिडेव्हिट करून घे, जमत असेल तर पासपोर्टच दुरुस्त कर. कन्नड दाखल्यांचं जर्मन भाषांतर तिथल्या कोर्टानं नेमलेल्या भाषांतरकाराकडून लागतं, म्हणून मूळ प्रती हँडबॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको.